आतल्या झाकणावरचं चौथं नाव

मी, या कागदाच्या तळाशी सही करणारा, वय वर्षे पंचाहत्तर पूर्ण, धंदा धातूवर अक्षरं कोरण्याचा, राहणार स्वतःच्याच दुकानाच्या माळ्यावर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. कोणी माझा हात धरलेला नाही, कोणी कानाशी लागलेलं नाही, आणि लागलं असतं तरी डाव्या कानाने मला ऐकू येत नाही. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देताना त्यांनी मला आज वार कोणता ते विचारलं. मी वार सांगितला, आणि त्यांच्या दारावरच्या पाटीतलं तिसरं अक्षर कलतं बसलं आहे हेही सांगितलं. दाखल्यात 'पूर्ण शुद्धीवर' या शब्दांपुढे त्यांनी 'स्वभावाने किंचित खवचट' असं जोडलं आहे, तेही ग्राह्य धरावं.

याआधी मी दोन मृत्युपत्रं केली होती. पहिलं बायकोने फाडलं, कारण त्यात तिच्या भावाबद्दल एक कलम होतं. दुसरं मीच फाडलं, कारण त्यात कलम सहा नव्हतं. हे तिसरं. वकीलबाई म्हणाल्या, "काका, मृत्युपत्र आटोपशीर असावं." मी म्हटलं, "बाई, जन्मभर आटोपशीरच लिहिलं. पेल्यावर दोन शब्द, ढालीवर तीन. आता जागा मिळाली आहे तर लिहू द्या."

खरं सांगायचं तर हा सगळा खटाटोप कलम सहासाठी आहे. त्याच्या आधीची कलमं मला धीर यावा म्हणून आली आहेत. माझ्याकडे एक चांदीची डबी आहे. ती माझी नाही. लढाईत पडलेल्या एका कॅप्टनची ती आहे, एकावन्न वर्षं मी ती दाबून ठेवली आहे, आणि तिच्यावर जिचा हक्क आहे ती बाई इथून चार दुकानं सोडून बसते.

कलम पहिले. दुकान आणि वरचा माळा माझ्या पुतणीला द्यावा. हा धंदा शिकायला घरातून ती एकटीच आली, आणि आली ती यंत्र घेऊन आली. यंत्र बरं कोरतं, मी नाही म्हणत नाही. पण खिडकीजवळचं टेबल तिने हलवू नये. तिथे डावीकडून उजेड येतो आणि हाताची सावली कामावर पडत नाही. यंत्राला सावलीशी देणंघेणं नसलं तरी वीज गेल्यावर तिला टेबल आठवेल.

कलम दुसरे. कोरण्या, भिंगं, चामड्याची उशी आणि धार लावायचा दगड हेही तिलाच. दगड माझ्या गुरूंचा आहे. त्याला मधोमध खळगा पडला आहे, तो तसाच राहू द्यावा. सगळ्यात बारीक कोरणीची मूठ फुटकी आहे, ती बदलण्याचा मोह टाळावा. मी दोनदा बदलली आणि दोन्ही वेळा जुनीच परत बसवली.

कलम तिसरे. बँकेत जे असेल ते निम्मं पुतणीला आणि निम्मं त्या शाळेला, जिथे दर वर्षी बक्षिसाच्या पेल्यांवर मी नावं घातली. अट एकच. दुसऱ्या आणि तिसऱ्या आलेल्या पोरांची नावंही पेल्यावर यावीत. मी शाळेत दोनदा दुसरा आलो होतो आणि त्याचा पुरावा कुठेच नाही.

कलम चौथे. माझी लोखंडी शिडी धाकट्या भावाकडे एकोणीस वर्षं आहे. ती आता त्यालाच दिली. इतकी वर्षं दर भेटीत तो "आणून देतो दादा, आणून देतो" म्हणत आला आहे, तेवढं आता थांबावं. त्याच्यावर माझा दुसरा कसलाही राग नाही. एक होता, पण तो कशाचा होता ते आता आम्हा दोघांनाही आठवत नाही.

कलम पाचवे. शेजारचा भट्टीवाला हा माझा सगळ्यात जुना दोस्त. आम्ही एकाच तुकडीत होतो. लढाईत त्याचा उजवा पाय मोडला, तेव्हापासून तो लंगडतो, आणि पाय दुखायला लागला की आख्ख्या गल्लीला त्याची खबर लागते. सकाळी पहिला पाव तो मला देतो आणि संध्याकाळी माझ्या रेडिओच्या आवाजावरून माझ्याशी भांडतो. त्याला मी खूप काही देणार होतो. पण वकीलबाईंचं म्हणणं पडलं की मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला त्यातून काही देता येत नाही. भट्टीवाल्याने साक्षीदार व्हायला होकार दिला तेव्हा त्याला हे माहीत नव्हतं. सबब त्याला काहीही देत नाही.

कलम सहावे. आता डबी.

डबी चांदीची, तळहाताएवढी, कोपरे गोल, बिजागरी जरा सैल. घडवली सिगारेटसाठी, पण आमचे कॅप्टनसाहेब सिगारेट ओढत नसत. त्यात ते पेपरमिंटच्या गोळ्या ठेवत आणि ज्याची फजिती झाली असेल त्याला एक गोळी देत. मला बऱ्याच मिळाल्या. साहेबांचं वय तेव्हा एकोणतीस. गडी मोठा हुशार, पण वस्तू हरवण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. लग्नाच्या पहिल्या वर्षात त्यांनी तीन छत्र्या आणि दोन घड्याळं हरवली होती. म्हणून लढाईवर निघताना बायकोने ही डबी दिली ती झाकणावर बाहेरून मजकूर कोरून घेऊनच: 'वापरायला दिली आहे. भेट नाही. परत आणावी.' साहेब तो मजकूर सगळ्यांना दाखवत आणि म्हणत, "बघा, मला घरून हुकूम आहे." काम चांगल्या हाताचं आहे. फक्त शेवटच्या ओळीत कारागिराची घाई दिसते.

लढाईत जे पडत त्यांच्या घरी साहेब स्वतः पत्र लिहीत. त्यासाठी नावं वहीत टिपून ठेवत. नदी ओलांडताना ती वही भिजली आणि शाई वाहून गेली. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा हताश झालेलं पाहिलं. मग त्यांनी डबी माझ्यासमोर धरली आणि म्हणाले, "तू कोरणारा ना? आतल्या झाकणावर लिही. इथलं पाण्याने जाणार नाही." माझ्या पिशवीत दोन कोरण्या होत्या, त्या मी घरून चोरून आणल्या होत्या. चांदीवर मी तेव्हापासून नावं घालत गेलो. एका ओळीत चार नावं, अशा दोन ओळी झाल्या.

इथे आमच्या कामाची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्ही एकेक अक्षर पुरं करत जात नाही. आधी सबंध ओळीच्या शिरोरेषा ओढून घेतो, मग त्यांना खाली अक्षरं लटकवतो. म्हणजे ओळ सरळ राहते. एका सकाळी चकमकीनंतर चार जण सापडेनात. मी तिसरी ओळ आखली, चार नावांच्या चार शिरोरेषा. तिघांची प्रेतं मिळाली, त्यांची नावं मी घातली. चौथा मिळाला नाही, त्याचे फक्त बूट रस्त्याच्या कडेला सापडले. चौथी शिरोरेषा तशीच उघडी राहिली. मी ती दहा वेळा पाहिली. उजवीकडे ओळ मोकळी दिसत होती, फार वाईट दिसत होती. आणि मी चौथं नाव घालून टाकलं.

यापेक्षा मोठं कारण असतं तर मला सांगायला बरं वाटलं असतं. ओळ पुरी दिसावी, एवढंच होतं.

दुपारी साहेबांनी झाकण उघडलं. तिसरी ओळ शेवटपर्यंत वाचली. मग म्हणाले, "हा मेला म्हणून कोणी सांगितलं?"

"साहेब, बूट सापडले."

"मग बूट मेले असतील. माणूस कुठे आहे?"

साहेबांनी चौथ्या नावावरून अंगठा फिरवला.

"चांदीवरचं खोडता येतं का रे?"

"घासता येतं साहेब. पण पत्रा पातळ होईल, आणि खूण राहीलच."

साहेबांनी झाकण मिटलं आणि डबी माझ्या हातात दिली. "खोडता येत नाही म्हणतोस, तर बघून यायला हवं," ते म्हणाले. "तू हे सांभाळ."

दोन तासांनी ते परत आले ते त्या चौथ्याला पाठीवर घेऊन. रस्त्याखालच्या मोरीत तो पडला होता, पाय मोडलेला. बूट त्याने आदल्या दिवशीच काढले होते, कारण टाचांना फोड आले होते. खंदकाच्या काठावर साहेबांनी आधी त्याला खाली सोडलं. स्वतः उतरायच्या आत त्यांना गोळी लागली. त्यांना उतरवून घ्यायला मी हात वर केले होते. ते माझ्या हातात आले तेव्हा संपलेले होते.

तो चौथा म्हणजे भट्टीवाला. साहेब त्याला शोधायला का निघाले हे त्याला आजवर माहीत नाही. मी कोणालाच सांगितलं नाही.

लढाई संपल्यावर मी डबी खिशात घालून साहेबांच्या घरी गेलो. बाईंनी दार उघडलं तेव्हा खांद्यावर चार महिन्यांची मुलगी होती. मी पाणी प्यायलो. साहेब फार चांगले होते असं म्हणालो. बाईंनी विचारलं, "त्यांच्याजवळ एक चांदीची डबी होती, कुणाला मिळाली का हो?" मी विचार केला, डबी दिली की त्या झाकण उघडणार, नावं वाचणार, पत्रं कोणाकोणाला गेली ते विचारणार, आणि बाराव्या नावाचा माणूस जिवंत आहे हे कळल्यावर ते तिथे कसं आलं हेही विचारणार. मी म्हणालो, "माहीत नाही." ती डबी तेव्हा माझ्या छातीशीच होती. बाई नऊ वर्षांपूर्वी गेल्या, डबी न बघता गेल्या. मी त्यांच्याशी खोटं बोललो आणि त्याला काहीही सबब नाही.

ती मुलगी पुढे दातांची डॉक्टर झाली, आणि माझं नशीब असं की तिने दवाखाना माझ्याच गल्लीत थाटला. मी तिच्या बाबांच्या तुकडीत होतो हे तिला आईकडून कळलं होतं. पंचवीस वर्षं माझे दात तिच्याकडे आहेत. मी मुद्दामच तिच्याकडे जातो, कारण तिला टाळलं तर संशय येईल, आणि तिच्या खुर्चीत बसलं की बोलता येत नाही.

"काका, आ करा. अजून मोठा. हां. बाबा कसे होते हो?"

"आँ."

"रागीट होते का?"

"आँ आँ."

मग ती म्हणणार चूळ भरा, आणि मी चूळ भरून टोपी घेऊन पसार. एकदा तर तिच्या प्रश्नाला घाबरून मी चांगला दात काढून घेतला.

तरी माझ्या मृत्यूनंतर वकीलबाईंनी ही डबी दातांच्या डॉक्टरीणबाईंना नेऊन द्यावी आणि हे कलम त्यांना वाचून दाखवावं. वाचण्यापूर्वी मी खरोखर मेलो आहे याची खात्री करून घ्यावी.

पुरवणी, त्याच दिवशी लिहिलेली.

वरची सहा कलमं पुरी करून मी सह्यांसाठी मंडळी दुकानात बोलावली. वकीलबाई, त्यांचा कारकून आणि भट्टीवाला. पुतणी यंत्रापाशी होतीच. वकीलबाईंनी समजावलं की साक्षीदाराने फक्त माझी सही होताना बघायची असते, मजकूर वाचायची गरज नाही. मी त्याच भरवशावर होतो. भट्टीवाल्याने पिठाचे हात एप्रनला पुसले आणि कागद ओढून घेतला. "न वाचता मी एकदाच सही केली आहे, लग्नात," तो म्हणाला. "दे इकडे."

तो ओठ हलवत वाचतो. कलम चारपर्यंत हसत होता. कलम पाचला मला शिवी दिली. कलम सहाला त्याचे ओठ थांबले.

"म्हणजे मी त्यात कोरलेला आहे?"

"हो."

"दाखव."

मी खणातून डबी काढली. त्याने भिंग लावून आपलं नाव दोनदा वाचलं. "बरं आलंय की," तो म्हणाला आणि खाली बसला. मग भिंग खाली ठेवून म्हणाला, "तू हे कोरलं नसतंस, तर साहेब आले असते का रे?"

"नाही. तेच तर लिहिलंय."

"उलटं लिहिलंयस. एक माणूस तुझ्यामुळे गेला असं लिहिलंयस. अरे, मी त्या मोरीत तसाच राहिलो असतो. माझी दोन पोरं, त्यांची पोरं, सगळी तुझ्या त्या रेघेला लटकलीत." एवढं बोलून तो एकदम चिडला. "आणि रोज सकाळी माझा पाव खाऊन तू हे पोटात ठेवलंस? आता म्हणे मेल्यावर सांगणार! मेल्यावर खरं बोलायला काय लागतं? मेलेल्याला कोण थोबाडीत मारणार?"

मी म्हटलं, "मार."

"मी कोण मारणारा? जिचा हक्क आहे तिला आणतो." आणि तो एप्रनसकट लंगडत बाहेर पडला. मी वकीलबाईंना म्हटलं, त्याला अडवा. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं, आणि जागच्या हलल्या नाहीत.

ती आली ती तोंडावरची पट्टी हनुवटीवर ओढलेली, कपाळावर दिवा तसाच. तिने उभ्याउभ्या कलम सहा वाचलं. पळून जायला दार एकच होतं आणि त्यात भट्टीवाला उभा होता. मग तिने डबी घेतली, बाहेरचा मजकूर अंगठ्याने चाचपला.

"आई म्हणायची, कुणा शिपायाने विकून खाल्ली असेल. खाऊ दे, पोटाला तर लागली." ती माझ्याकडे बघत म्हणाली, "इथे होती होय."

"मी चुकलो," मी म्हणालो. "तुझ्या आईशी खोटं बोललो. तुझ्याशीही. तू काय बोलशील ते मला मान्य आहे."

"डबीचं मला वाईट वाटलंच काका, फार वाटलं. आई असती तर तिने तुम्हाला दारात उभं केलं नसतं. पण डबी वस्तू आहे. बाबांना बघितलेला माणूस पंचवीस वर्षं माझ्या खुर्चीत येऊन बसतोय आणि मला आँ आँ करतोय!" तिचा आवाज चढला आणि मग अगदी खाली आला. "ते माझ्याबद्दल कधी काही बोलले होते का? त्यांना मी येणार हे कळलं तरी होतं का?"

हे कोणी कधी विचारलंच नव्हतं. म्हणजे विचारू दिलं नव्हतं.

"कळलं होतं तर," मी म्हणालो. "तुझ्या आईचं पत्र आलं त्या दिवशी त्यांनी सगळ्या तुकडीला उभं करून वाचून दाखवलं. मग पैज लागली. आम्ही सगळे म्हणालो मुलगा. साहेब एकटे म्हणाले मुलगी. हरणाऱ्याने आपल्या वाटणीची बिस्किटं द्यायची."

"मुलगीच का?"

"म्हणाले, मुलगा झाला तर तोही माझ्यासारखा वस्तू हरवत बसेल. मुलगी झाली तर शोधून देईल."

ती माझ्या कामाच्या स्टुलावर बसली. कपाळावरचा दिवा चालूच होता, तो पुतणीने हळूच बंद केला. "अजून सांगा," ती म्हणाली. मी सांगायला लागलो. त्यांचं चालणं सांगितलं, बेसूर शीळ सांगितली, पेपरमिंट देताना एक भुवई कशी वर जायची ते करून दाखवलं. एकावन्न वर्षं तोंड बंद ठेवलं होतं, पण आत सगळं जसंच्या तसं होतं. वकीलबाईंनी दोनदा घड्याळ बघितलं आणि नंतर काढून पर्समध्ये ठेवलं.

भट्टीवाला मधेच म्हणाला, "मीही मुलगाच म्हटलं होतं." आणि न सांगता निघून गेला. परत आला तो बिस्किटांचा सबंध ट्रे घेऊन, भट्टीतून नुकताच काढलेला. त्याने तो तिच्या पुढ्यात ठेवला. "साहेब जिंकले ना," तो म्हणाला. "आम्ही कोणी दिलीच नाहीत." जी बाई मला गोडाचा कण खाऊ देत नाही, तिने लागोपाठ चार बिस्किटं खाल्ली, रडत रडत, एकीकडे चटके बसताहेत म्हणत.

मग तिने आतलं झाकण त्याच्यापुढे धरलं. "काका, तुमचं नाव खोडून घ्यायचं का यातून?"

"राहू दे," भट्टीवाला म्हणाला. "आज ना उद्या लागणारच आहे."

वकीलबाईंनी खुलासा केला की वस्तू आधीच दिली गेली तर मृत्युपत्रातलं कलम आपोआप निकामी होतं. त्याप्रमाणे कलम सहावे या पुरवणीने रद्द करतो. डबी देणाऱ्याने जिवंतपणी, शुद्धीवर, घेणारीच्या हातात दिली. दर गुरुवारी दवाखाना बंद झाल्यावर घेणारी दुकानात येणार आहे आणि मी बोलायचं आहे. सांगण्यासारखं अजून पुष्कळ आहे, सबब बाकीची कलमं लगेच अमलात येतील अशी घाई वारसांनी करू नये.

कलम एक ते पाच कायम. हा मजकूर मी स्वतः लिहिला, सगळ्यांदेखत वाचला, आणि आवाज दोनदा बसला तरी शेवटपर्यंत वाचला.

ठिकाण: माझ्या दुकानात, खिडकीजवळच्या टेबलापाशी.
तारीख: वकीलबाईंच्या शिक्क्यावर आहे तीच. वार गुरुवार.

(सही) मृत्युपत्र करणार, अक्षरं कोरणारा

साक्षीदार पहिला: (सही) भट्टीवाला. सगळं वाचून सही केली आहे. कलम पाच मला मंजूर नाही.

साक्षीदार दुसरा: (सही) वकीलबाईंचा कारकून

डबी दिल्याची पोच हवी, असं वकीलबाईंनी सांगितलं. घेणारीची सही एरवी डॉक्टरांची असते तशी, कोणाला वाचता न येणारी. या कागदावर मात्र तिने माझी पेन्सिल मागितली, पट्टीने आधी सरळ शिरोरेषा ओढली आणि तिच्याखाली एकेक अक्षर लावून लिहिलं:

डबी मिळाली.
कॅप्टनची मुलगी